अकरावीसाठी लातूर: सगळं बिऱ्हाड हलवावं की लेकराला एकट्याला ठेवावं?

लेंडीकाठ

नमस्कार मंडळी. नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात गाव आहे. गावातच कृषी सेवा केंद्र आणि सात एकर रान. मुलाला दहावीला ९२ टक्के पडले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यम पण गणित-विज्ञान सेमी. त्याला नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) द्यायची आहे, तिचे क्लास लातूरला. मुलगी चौथी पास होऊन पाचवीला जाणार, तीही गावच्याच शाळेत. आई ७१ वर्षांची, बीपीची गोळी चालू, गुडघे दुखतात.

घरात तीन मतं आहेत. एक, मुलाला वसतिगृहात ठेवावं. दोन, बायको, दोन्ही लेकरं आणि आईनं लातूरला खोली करून राहावं, मी गावी थांबावं. तीन, दुकानच लातूरला न्यावं आणि सगळ्यांनी जावं. विचारपूस केली तर वसतिगृह-मेस धरून महिना ९ हजार सांगतात, टू बीएचकेला १० हजार भाडं आणि ३० हजार डिपॉझिट. एसटीनं अडीच तास लागतात. आम्ही ओबीसी, मुलाचं जातीचं प्रमाणपत्र काढलेलं आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणी) झालेली नाही. कोणी हिशेबानं सांगेल का? "लेकराच्या भवितव्यासाठी जाच" असं सांगणारे गावात भरपूर आहेत.

ताळेबंद

भाऊ, तिसरा पर्याय आधी बाजूला काढा, म्हणजे डोकं मोकळं होईल.

कृषी सेवा केंद्राचा परवाना जागेवर असतो. बियाणं, खत, कीटकनाशक हे तिन्ही परवाने वेगळे, आणि लातूरच्या जागेसाठी तिथल्या जिल्हा कृषी कार्यालयाकडून ते नव्यानं काढावे लागतील. खताला प्रत्येक कंपनीचा ओ फॉर्म, औषधाला प्रत्येक कंपनीचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट, म्हणजे आमचा माल या दुकानानं विकावा अशी कंपनीची लेखी संमती. हे कागद कंपनीचा माणूस देतो, आणि लातूरच्या मोंढ्यात त्याचे जुने विक्रेते आधीच बसलेले आहेत. तुम्हाला तो कशाला घाईनं देईल?

खरी अडचण उधारीची. जूनमध्ये दिलेलं बियाणं-खत सोयाबीन निघाल्यावर वसूल होतं. काहींचं तूर-हरभऱ्यावर, म्हणजे थेट फेब्रुवारी-मार्चला. तुम्ही जूनमध्ये शटर ओढलं तर मागची बाकी बुडीत धरा. दुकान बंद करायचंच असेल तर एक हंगाम आधी उधारी थांबवायची आणि दोन सुग्या वसुलीला द्यायच्या. पॉस मशीनवरचा खताचा साठा आणि गोदामातला साठा जुळवून शून्यावर आणायचा, मगच परवाना परत करायचा. ही दीड वर्षाची कामं आहेत. तोवर मुलगा बारावीत असेल.

आता उरलेल्या दोघांचा हिशेब. कोर्स २२ महिने धरा, कारण अकरावी जुलै-ऑगस्टला सुरू होते आणि नीट साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते. वसतिगृह ९,००० × २२ = १,९८,०००. खोलीचं भाडं १०,००० × २२ = २,२०,०००. पण खोली म्हणजे दुसरी चूल. गॅस, वीज, दूध, भाजी, जाणं-येणं, पिण्याच्या पाण्याचा जार. धान्य घरचं नेलं तरी गावच्या खर्चावर महिन्याला ६,५०० जास्तीचे धरा. ते झाले १,४३,०००. एकूण ३,६३,०००. फरक १,६५,००० चा. क्लासची फी दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती धरलेली नाही.

आणि एक महत्त्वाचं. रिपीटचं वर्ष कागदावर आत्ताच लिहून ठेवा. पहिल्या फटक्यात मनासारखा नंबर लागला नाही तर बहुतेक मुलं परत बसतात. तेव्हा २२ चे ३४ महिने होतात, आणि बिऱ्हाड हललेलं असेल तर तिसऱ्या वर्षाचा खर्च टाळता येत नाही.

दप्तर

कागदांपुरतं बोलतो.

१) अकरावीचा प्रवेश आता लातूरलाही कॉलेजात जाऊन होत नाही. २०२५-२६ पासून अख्ख्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धत आहे. भाग १ मध्ये माहिती, भाग २ मध्ये पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा कॉलेजं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून "बघू, टाकून ठेवू" म्हणत पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका. आणि या फेऱ्या पेरणीच्या दिवसांतच येतात. तुम्ही काउंटरवर असाल तेव्हा मोबाइलवर संदेश येईल. पासवर्ड आणि कागद मुलाच्या आईकडे ठेवा.

२) व्हॅलिडिटी. प्रमाणपत्र नांदेड जिल्ह्यातून निघालं आहे, त्यामुळे अर्ज नांदेडच्या जात पडताळणी समितीकडेच जाईल, राहायला लातूरला गेलात तरी. कॉलेजचं पत्र लागतं, ते अकरावीला प्रवेश झाल्यावर मिळेल. कागद मात्र आत्ताच गोळा करायला घ्या. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, वंशावळ, शपथपत्र. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीच्या नोंदीचा पुरावा पाहतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा, आजोबांची बहीण, कोणाचीही नोंद शोधा. आपल्याकडं निजामाच्या काळातलं दप्तर उर्दूत किंवा मोडीत निघतं. त्याचं भाषांतर करून घ्यायला वेळ जातो, आणि हे ऐन मेडिकलच्या प्रवेशफेऱ्यांच्या (काउन्सेलिंगच्या) वेळी आठवतं, तिथंच घोळ होतो.

३) नॉन क्रीमी लेअरवरची मुदत ३१ मार्चची असते. मार्चमध्ये संपणारं प्रमाणपत्र घेऊन जूनच्या प्रवेशाला उभं राहू नका.

४) ७०:३० ची भीती कोणी घातली असेल तर ती सोडा. मेडिकलचा प्रादेशिक कोटा २०२० मध्येच रद्द झाला. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल, एवढं बघतात. जिल्हा बदलल्यानं काही बिघडत नाही.

५) आधारवरचा पत्ता बदलू नका, रेशन कार्डही हलवू नका. लातूरच्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं, फक्त कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी झालेली हवी. हा धागा वाचणाऱ्या अनुसूचित जातीच्या पालकांनी तर पत्त्याला मुळीच हात लावू नये. स्वाधार योजनेत (वसतिगृह न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारी योजना) विद्यार्थी कॉलेजच्या शहरातला स्थानिक रहिवासी नसावा अशी अट आहे. हौसेनं लातूरचा पत्ता टाकला की हक्काचा पैसा गेला.

मांजराकाठ

खोली बघणार असाल तर आत्ता, मेमध्येच या. जुलैत बघाल तर प्रत्येक घरमालक "पाण्याचं काही टेन्शन नाही" म्हणेल, आणि जुलैत ते खरंही असेल. लातूरचं पाणी मांजरा धरणातून, धनेगावहून येतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. एवढी पाळी रोज येत नाही, पण नळ दिवसाआड येतो की आठवड्यानं, हे गल्लीगल्लीत वेगळं असतं.

प्रश्न मालकाला विचारू नका, समोरच्या किराणा दुकानदाराला आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. "मागच्या मेमध्ये किती टँकर लागले, पैसे कोणी दिले?" एवढे दोनच. मग हौद बघा. चार माणसांना दिवसाला ४०० लिटर धरा. नळ पाच दिवसांनी येत असेल तर २,००० लिटर तुमच्या वाट्याला साठलं पाहिजे. गच्चीवर हजाराची एक टाकी आणि खाली तीन भाडेकरूंचा मिळून एक हौद असेल तर पुरणार नाही. बोअर असेल तर बादलीच्या कडेला पांढरा थर बसलाय का ते बघा. क्षाराचं पाणी असलं की पिण्याचा जार वेगळा, आणि गिझरचं कॉइल वर्षात जातं.

जागा कुठं, तर उद्योग भवनाच्या आसपास क्लास दाट आहेत, तिथं भाडं जास्त आणि खोल्या लहान. औसा रोड, बार्शी रोडकडं थोडं आत गेलं की त्याच पैशात मोठी जागा मिळते. पण क्लास रात्री सुटतो, त्यामुळे अंतर सायकलीचं असावं, गाडीचं नको. सोळा वर्षांच्या पोराला लायसन्स नसतं. आजी असतील तर तळमजलाच. तिसरा मजला स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, गुडघेदुखीचं माणूस मग महिनोन्‌महिने खाली उतरत नाही.

करार नोंदणीकृतच करा. भाडेकराराची नोंदणी राज्यात सक्तीची आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. नुसत्या बाँडवर नोटरी केलेलं कागदपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. खर्च फार नाही. २२ महिन्यांचं भाडं २,२०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ५,५००, एकूण २,२५,५०० वर पाव टक्का, म्हणजे ५६४ रुपये मुद्रांक. नोंदणी फी मनपा हद्दीत १,०००. वरून एजंट घेईल ते त्याचं. अकराऐवजी २२ महिन्यांचाच करार करा आणि भाडं आत्ताच लिहून घ्या. नाहीतर बारावीच्या ऐन तोंडावर मालक दहा टक्के वाढवतो, आणि तेव्हा तुम्ही खोली सोडू शकत नाही हे त्यालाही कळतं. भाडेकरूनं एक महिन्याच्या नोटिशीवर सोडता येईल असं कलम टाका. वीज सबमीटरवर असेल तर युनिटचा दर करारात आकड्यानं लिहा.

अकरावी_जीवशास्त्र

अभ्यासाच्या बाजूनं बघा. मराठी माध्यमातलं ९२ टक्क्यांचं पोर हुशारच असतं, तरी पहिले तीन-चार महिने ते गप्प होतं. अकरावी-बारावीचं विज्ञान इंग्रजीतून, जीवशास्त्रात तर पानापानाला नवे शब्द. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो हे खरं. पण क्लासची नोट्स, सराव पेपर, सगळं इंग्रजीत असतं, त्यामुळे मराठी पेपर घेतलेला मुलगा उलट अडतो. सेमीचं असल्यामुळे तुमच्या मुलाला थोडं सोपं जाईल. येत्या जूनभर एनसीईआरटीचं अकरावीचं जीवशास्त्र रोज चार पानं मोठ्यानं वाचायला लावा आणि शब्दांची वही करायला सांगा. यासाठी लातूर लागत नाही.

पेपर १८० प्रश्नांचा, १८० मिनिटांचा, ७२० गुणांचा. बरोबर उत्तराला ४, चुकलं तर १ कापतात. हे सांगतो कारण पहिल्या चाचणीत दहावीचा ९२ टक्केवाला २०० च्या आत येतो आणि घरी रडारड होते. ते नेहमीचंच आहे, त्यावरून परत आणायचा निर्णय घेऊ नका. दिवाळीनंतरच्या चार चाचण्यांची रेघ चढती आहे का, तेवढं बघा.

"प्रवेश गावाकडच्या कॉलेजात, क्लास लातुरात" असा सल्ला कोणीतरी देईलच. त्यात हजेरी आणि प्रात्यक्षिकांची जोखीम मुलाच्या डोक्यावर येते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी ३० गुणांचं प्रात्यक्षिक आहे, आणि मेडिकलला बारावीत पीसीबी मिळून खुल्याला ५० टक्के, राखीवला ४० टक्के लागतात. बोर्ड सोडून फक्त नीट असं चालत नाही.

महाज्योती या सरकारी संस्थेचा ऑनलाइन वर्गही बघून ठेवा. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास मुलांना नीट-जेईई-सीईटीचं मोफत प्रशिक्षण, टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा मिळतो. नॉन क्रीमी लेअर लागतं. वसतिगृहात टॅबची शिस्त कोण लावणार, हा मात्र प्रश्नच.

उंबरठा

सगळे मुलाबद्दल बोलताहेत. मुलीचं काय?

दादा, ती पाचवीला जाते म्हणालात, म्हणजे हेच तिचं नवोदयच्या (सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेच्या) प्रवेश परीक्षेचं वर्ष. नवोदयला मुलगी ज्या जिल्ह्यात पाचवी शिकते त्याच जिल्ह्यातून बसता येतं. गावी राहिली तर नांदेडच्या, म्हणजे शंकरनगरच्या नवोदयला बसेल, आणि ग्रामीण जागांवर, ज्या किमान ७५ टक्के असतात. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण शाळेत झालेली लागतात. जूनमध्ये तिला लातूर शहरातल्या शाळेत घातलंत की दोन वर्षांची ग्रामीण पात्रता एका दाखल्यानं पुसली जाते. उरलेल्या जागांसाठी शहरातल्या ट्यूशनवाल्या मुलांशी सामना. आरटीईचं (खासगी शाळेतल्या मोफत जागांचं) म्हणाल तर ते पहिली किंवा त्याआधीच्या वर्गापुरतं, पाचवीला उपयोग नाही. म्हणजे लातूरच्या खासगी शाळेत पूर्ण फी.

म्हणून माझं मत दोन्हींच्या मधलं. पहिलं वर्ष मुलगा वसतिगृहात. मुलीची पाचवी गावातच, आजी घरात, सगळं जागच्या जागी. पुढच्या जूनला मुलगी सहावीत जाताना आई दोन्ही लेकरांना घेऊन लातूरला. नवोदय लागलं तर एकट्या मुलासोबत. बारावीला घरचं जेवण आणि वेळेवर झोप लागतेच.

ताळेबंद

उंबरठाताईंच्या मांडणीचा आकडा: ११ महिने वसतिगृह ९९,०००, मग ११ महिने खोली १६,५०० प्रमाणे १,८१,५००. एकूण २,८०,५००. पूर्ण खोलीपेक्षा ८२,५०० नी कमी.

अकरावी_जीवशास्त्र

ताई, हिशेब बरोबर, पण क्रम उलटा वाटतो. घराची गरज पहिल्या चार महिन्यांत जास्त असते. बारावीला पोर रुळलेलं असतं, दिवसाचे चौदा तास बाहेरच असतं. बिघडतं ते अकरावीच्या गणपती ते दिवाळीच्या दरम्यान, भाषेचा धक्का आणि खोलीतली मुलं एकाच वेळी अंगावर येतात तेव्हा.

उंबरठा

मान्य आहे. म्हणून त्या चार महिन्यांत दर रविवारी घरचं कोणीतरी गेलंच पाहिजे. पण त्यासाठी दोन वर्षं भाडं भरायची आणि मुलीचं वर्ष घालवायची गरज नाही. आजीचंही बघा. गावात त्यांचा ओटा आहे, शेजारपाजार आहे. लातूरच्या फ्लॅटमध्ये सून क्लासची वाट बघत बसणार आणि त्या भिंतीकडं. बीपीची गोळी महिन्याची एकदम घेता येते, त्यासाठी शहर लागत नाही.

मांजराकाठ

वसतिगृह ठरलं तर दिवसा नाही, रात्री नऊच्या जेवणाला जाऊन बघा. त्या वेळी मुलं असतात, खरं जेवण दिसतं. एका खोलीत किती कॉट, गादी उचलून ढेकूण, संडासाला रांग किती, जिन्याशिवाय दुसरी वाट आहे का आणि तिला कुलूप तर नाही ना. वॉर्डन मुक्कामी राहतो की फक्त फोनवर असतो, हे मुलांनाच विचारा.

पैसे वर्षाचे एकदम भरू नका. "एकरकमी भरा, दहा टक्के सूट" ही सूट महाग पडते. कोचिंगबद्दलच्या जानेवारी २०२४ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत मधेच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी असं आहे, क्लासचंच वसतिगृह असेल तर मेससकट. पण छापील पावती नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? तीन हप्ते पाडा, प्रत्येकाची पावती घ्या.

दप्तर

मुलीला पुढच्या वर्षी नेणार असाल तर दाखला घेताना नाव, जन्मतारीख आणि जात अक्षर-अक्षर तपासा. उद्या तिच्या व्हॅलिडिटीला तोच कागद लागेल. ऑनलाइन नोंद नवीन शाळा मागवते आणि जुनी शाळा सोडते. ही मंजुरी जूनमध्येच करून घ्या, नाहीतर मुलगी दोन्ही पटांवर दिसते आणि आधार जुळत नाही.

आणखी एक, नांदेड का नको? श्यामनगर-भाग्यनगरकडं नीटचे क्लास लातूरच्या तोडीचे आहेत, जिल्हा तोच, जात पडताळणी समितीही तिथंच. पसंतीक्रमात दोन्ही शहरांतली कॉलेजं टाकता येतात.

लेंडीकाठ

सगळ्यांचे आभार. दुकान हलवायचा विषय घरात मिटला. नवोदयची अट आम्हाला माहीतच नव्हती, तिचा अर्ज सुटला की भरतो. परवा रविवारी मांजराकाठ म्हणाले तसं रात्रीच्या जेवणाला दोन वसतिगृहं बघून येतो, सोमवारी येताना नांदेडही बघतो. एक लहान प्रश्न: मेसवर भरवसा नाही, एसटीनं डबा पाठवणं जमेल का? आणि पुढच्या वर्षी खोली केली तर ज्वारी एकदम दळून न्यावी का?

मांजराकाठ

अडीच तासांत उन्हाळ्यात वरण-भाजीचा डबा आंबतो. गाडी चुकली तर पोरगं स्टँडवर तासभर बसतं, तो तास अभ्यासाचा. रोजचा डबा नको. आठवड्याला एकदा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, भाजलेले शेंगदाणे एवढंच पाठवा. धपाटे दह्यात भिजवलेले असले तर दोन दिवसांत संपवायचे, नुसत्या पाण्यात आणि तेल सोडून भाजलेले असतील तर तीन दिवस निघतात.

ज्वारी दळून नेऊ नका. पीठ पंधरा-वीस दिवसांनी कडवट होतं, विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना चिरते. धान्य कोठीत आणि दळण पाच-पाच किलोचं. खोली बघाल तेव्हा गिरणी किती लांब आहे तेही बघून घ्या.